गच्चीवरच्या तारेतून आयनांबर : साताऱ्यातील शॉर्टवेव्ह नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४

२५ ऑगस्ट २०२४

दूरची शॉर्टवेव्ह केंद्रे कोणत्या वेळी ऐकू येतात, कधी नाहीशी होतात, आणि त्यात आयनांबराचा, म्हणजे रेडिओ लहरी परत पृथ्वीकडे वळवणाऱ्या वरच्या विद्युतभारित थरांचा, वाटा किती व आपल्या यंत्रांचा किती, हे घराच्या गच्चीवरून स्वतः मोजून पाहायचे आहे. प्रक्षेपण करायचे नाही, फक्त ऐकायचे आणि ऐकलेले आपोआप नोंदवायचे.

ऐकण्यासाठी दोन प्रकारची केंद्रे निवडली आहेत. पहिला प्रकार हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय बीकनांचा, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप संदेश पाठवणाऱ्या केंद्रांचा. जगभर पसरलेली अठरा बीकन १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर आळीपाळीने बोलतात. प्रत्येकाला एका पट्ट्यावर दहा सेकंद मिळतात आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. बीकन आपले नाव मोर्समध्ये सांगते आणि नंतर एकेक सेकंदाच्या चार रेघा पाठवते, ज्यांची शक्ती अनुक्रमे १००, १०, १ आणि ०.१ वॅट असते. यातल्या किती रेघा ऐकू आल्या यावरून मार्ग किती खुला आहे याचे माप वेगळे उपकरण न वापरता मिळते. दुसरा प्रकार वेळ सांगणाऱ्या केंद्रांचा : मॉस्कोचे आरडब्ल्यूएम १४.९९६ मेगाहर्ट्झवर आणि चीनचे बीपीएम १५ मेगाहर्ट्झवर. साताऱ्यापासून मॉस्को सुमारे ५२०० किलोमीटर आणि बीपीएमचे ठिकाण सुमारे ४००० किलोमीटर आहे.

ग्राहक (रिसीव्हर) म्हणून संगणकाला जोडायचा छोटा एसडीआर डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, घेतला. तो एका वेळी साधारण दोन मेगाहर्ट्झ रुंदीची खिडकी दाखवतो, त्यामुळे ती १४.५ मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवली की १४.१०० वरची बीकने, मॉस्को आणि चीन एकाच वेळी नोंदवता येतात. एकाच यंत्रात वेगवेगळ्या दिशांचे संदेश शेजारी शेजारी दिसण्याची ही सोय पुढे फार उपयोगी पडली, म्हणून ज्यांना असेच काम करायचे असेल त्यांनी खिडकी निवडताना हाच विचार करावा. नोंदी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर ठेवायच्या असे ठरले. डोंगल, जुना पाय, तार आणि केबल मिळून खर्च दहा हजारांच्या आतबाहेर आहे.

१ सप्टेंबर

अँटेना उभी केली. पाण्याच्या टाकीजवळ बांबू बांधून त्याच्या टोकावरून घरगुती वायरिंगची तार दोन्ही बाजूंना उतरती सोडली. एकूण लांबी दहा मीटर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या अर्ध्या लहरीएवढी. केबल टीव्हीसाठी वापरतात तीच आरजी-६ घेतली, कारण केवळ ऐकण्यासाठी तिच्या ७५ ओहममुळे काही बिघडत नाही आणि ती कोणत्याही विजेच्या दुकानात मिळते.

पहिल्याच पावसात केबलच्या वरच्या जोडात पाणी शिरले आणि संदेश अगदी मंदावले. काळी चिकटपट्टी पुरत नाही. जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी, मग साधी पट्टी आणि केबलला खाली एक झोळ, एवढे केल्यावर पाणी जोडाकडे न जाता झोळाच्या टोकावरून गळून पडते.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले आणि संध्याकाळपासून १४ मेगाहर्ट्झवर खरखरीची भिंत उभी राहिली. दिव्यांच्या माळा, एलईडी पट्ट्या आणि त्यांचे स्वस्त अडॅप्टर विजेच्या तारांमधून सगळा पट्टा व्यापतात. उत्सवाला कोण नावे ठेवणार, पण घरातले दोष तरी शोधायला हवेत म्हणून मुख्य स्विच बंद करून, बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर डोंगल लावून पाहिले. खरखर निम्म्याहून कमी झाली, म्हणजे मोठा वाटा घरातलाच होता. एकेक उपकरण पुन्हा सुरू करत गेल्यावर सर्वात मोठे गुन्हेगार निघाले ते जिन्यातला एलईडी बल्ब आणि खुद्द रास्पबेरी पायचा अडॅप्टर. बल्ब बदलला. पायला १२ व्होल्टच्या बॅटरीवरून वीज दिली आणि केबलचे दहा-बारा वेढे फेराइटच्या कड्यातून काढून ते कडे अँटेनाच्या मध्याशी बसवले, जेणेकरून घरातला गोंगाट केबलच्या बाहेरच्या आवरणावरून अँटेनापर्यंत चढू नये. कड्याचे चारशे रुपये या प्रकल्पात सर्वात सत्कारणी लागले.

विजेपासून पळणे हा जुना उपाय आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मापने १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली आणि अलिबागची ती वेधशाळा आजही तिथेच आहे. आमच्याकडे अलिबाग नाही, त्यामुळे शेजारच्या काकांना विनंती करून त्यांच्या गच्चीवरची पट्टी रात्री दहानंतर बंद ठेवण्यावर तडजोड झाली.

१४ सप्टेंबर

चीनचा १५ मेगाहर्ट्झचा संदेश रोज दुपारी अडीच वाजता सुरीने कापल्यासारखा नाहीसा होत होता. आयनांबरात इतक्या काटेकोर वेळी काही घडत नाही, तरीही दोन-तीन दुपारी मी सूर्याच्या क्ष-किरणांचे आलेख उघडून कारण शोधत बसलो होतो. कारण वेळापत्रकात होते : बीपीएम १५ मेगाहर्ट्झवर जागतिक वेळेनुसार १ ते ९, म्हणजे आपल्या सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच एवढेच प्रसारण करते. मॉस्कोचेही तसेच आहे. प्रत्येक अर्ध्या तासातील पहिली जवळपास आठ मिनिटे अखंड वाहक लहर (संदेशाविना नुसती लहर), मग एक मिनिट शांतता, एक मिनिट मोर्समधील नाव, पुढची दहा मिनिटे सेकंदाचे ठोके आणि शेवटची दहा मिनिटे सेकंदाला दहा ठोके, असा त्याचा क्रम असतो. सरासरी पातळी मोजणारा माझा प्रोग्रॅम ठोके सुरू झाले की पातळी घसरली असे लिहून ठेवत होता.

आता प्रोग्रॅममध्ये दोन्ही केंद्रांची वेळापत्रके भरली आहेत आणि ठोक्यांच्या मिनिटांत सरासरीऐवजी शिखर मोजले जाते. आधीच्या आठवड्यातल्या मॉस्कोच्या नोंदी टाकून दिल्या.

१९ सप्टेंबर

विसर्जनानंतर पट्टा शांत झाला, पण नोंदी विचित्र दिसू लागल्या. हाँगकाँगचे बीकन जवळजवळ चोवीस तास जोरात आणि कोलंबोचे मात्र गायब, असे तक्ता सांगत होता. कोलंबो साताऱ्यापासून चौदाशे किलोमीटरच्या आत आहे, ते दिवसा १४ मेगाहर्ट्झवर बंद पडणे शक्यच नव्हते. हेडफोन लावून मोर्स ऐकले तेव्हा हाँगकाँगच्या खात्यात पडणारा संदेश ४एस७बी, म्हणजे कोलंबोचाच निघाला.

प्रोग्रॅम बीकन ओळखतो ते केवळ घड्याळावरून आणि घड्याळ दहा सेकंद मागे होते. रास्पबेरी पाय ४ ला स्वतःचे बॅटरीवरचे घड्याळ नाही, वीज गेली की ते शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागते आणि इंटरनेट मिळाले तरच सावरते. एका रात्री बॅटरी उतरून पाय बंद पडला आणि परत सुरू झाला तेव्हा राउटर बंद होता. डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल काही शे रुपयांत मिळते, ते बसवले. शिवाय आता रोज मॉस्कोच्या सेकंदाच्या ठोक्यांशी घड्याळ पडताळले जाते. त्या ठोक्याला इथवर यायला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात, ते या कामात दुर्लक्षिण्याजोगे आहेत. ज्या दिवसांची वेळ संशयास्पद होती त्यांच्या बीकन-नोंदी ओलांडून पुढे गेलो.

२४ सप्टेंबर

दुसरा डोंगल २८.२०० मेगाहर्ट्झवर लावला आणि त्याच बांबूवरून पाच मीटरची दुसरी तार सोडली. सूर्याच्या हालचालींचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र ऐन भरात असल्यामुळे हा पट्टा सकाळी नऊपासून उघडा आहे. पर्थ, जपान, प्रिटोरिया आणि संध्याकाळकडे तेल अवीव अशी हजेरी लागते, आणि पर्थच्या ०.१ वॅटच्या रेघेपर्यंत सगळे ऐकू येते. रात्री लावायच्या छोट्या बल्बपेक्षाही कमी शक्तीचा संदेश सात हजार किलोमीटरवरून गच्चीतल्या पाच मीटर तारेत येतो, याची सवय व्हायला वेळ लागतो.

२७ सप्टेंबर

गेल्या काही संध्याकाळी एक नवा दोष दिसतो आहे. साडेसातनंतर पर्थचा सूर घोगरा होतो. आलेखावर जिथे केसासारखी बारीक रेघ असायला हवी तिथे पसरलेला पट्टा दिसतो, मोर्सचे ठिपके आणि रेघा एकमेकींत मिसळतात आणि पातळी सेकंदाला कित्येक वेळा वरखाली होते. संशय डोंगलची कंप्रता (वारंवारता) ठरवणाऱ्या स्फटिकावर गेला, कारण पेटी दिवसभर उन्हात तापते आणि संध्याकाळी झपाट्याने निवते. पेटीला थर्माकोल लावला, केबलचे दोन्ही टोकांचे जोड बदलले, शेवटी दोन्ही डोंगलांची अदलाबदल केली. दोष होता तिथेच राहिला. यात आठवड्याच्या बऱ्याचशा संध्याकाळी आणि जोडांचे पैसे गेले.

२९ सप्टेंबर

उत्तर पहिल्या दिवशी निवडलेल्या खिडकीतच होते. रात्री आठ वाजता १४.१०० वरचे पर्थ पसरलेले होते आणि त्याच क्षणी, त्याच डोंगलात, त्याच तारेवर, १४.९९६ वरची मॉस्कोची रेघ स्वच्छ आणि बारीक होती. स्फटिक डळमळला असता तर दोन्ही सारख्याच बिघडल्या असत्या. बिघाड यंत्रात नव्हता, दक्षिणेकडच्या मार्गात होता.

त्यामागचे कारण थोडक्यात लिहितो, कारण परदेशी तक्त्यांमध्ये ते सापडत नाही. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतात तिरुनेलवेलीच्या परिसरातून जाते. केरळातील थुंबा येथून १९६३ मध्ये पहिले अग्निबाण सोडले गेले ते ठिकाण निवडण्याचे एक मोठे कारण हेच होते. दिवसा त्या रेषेवरचा एफ थर, म्हणजे आयनांबराचा सर्वात वरचा थर, विद्युतक्षेत्रामुळे वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना उतरतो. आपल्या बाजूला तो साधारण गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या आकाशात साचतो. सूर्यास्तानंतर हा थर काही काळ आणखी जोराने उचलला जातो आणि त्याच्या तळातून विरळ आयनांचे बुडबुडे वर घुसतात. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, सूर्य जोरात असताना, हे आपल्याकडे सर्वाधिक घडते. त्या बुडबुड्यांतून आलेला संदेश अनेक वाटांनी, किंचित वेगवेगळ्या कंप्रतांवर येऊन पोहोचतो आणि घोगरा होतो. पर्थची वाट थेट त्यांच्यातून जाते. मॉस्कोकडे जाणाऱ्या लहरीची पहिली उसळी मात्र वायव्येकडे, बहुतेक बुडबुड्यांच्या पलीकडे पडते.

युरोपातल्या श्रोत्यांसाठी बनवलेली कोष्टके सूर्यास्तानंतर २८ मेगाहर्ट्झ मिटतो असे सांगतात. इथे तो दक्षिणेकडे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उघडा राहतो, फक्त घोगरा असतो. आपल्या अक्षांशावरून ऐकणाऱ्याने ती कोष्टके बाजूला ठेवून आपली स्वतःची वही करावी, हे माझे आता पक्के मत झाले आहे.

या नोंदीनंतर प्रत्येक बीकनच्या पातळीसोबत त्याच्या रेघेची रुंदीही तक्त्यात जाते. थर्माकोल काढून टाकला, कारण पेटीत वाफ धरत होती.

३ ऑक्टोबर

आज घटस्थापना आणि माळांची खरखर परत सुरू झाली, तरी आजचा दिवस या प्रकल्पातला सर्वात भरगच्च ठरला. संध्याकाळी ५ वाजून ४८ मिनिटांनी सूर्यावर एक्स ९.० तीव्रतेच्या ज्वालेचे शिखर गाठले गेले (एक्स ही ज्वालांची सर्वात वरची श्रेणी). या सूर्यचक्रात तोवर नोंदलेली ही सर्वात मोठी ज्वाला. साताऱ्यात सूर्य मावळायला त्या वेळी जेमतेम अर्धा तास होता, पण आफ्रिका पूर्ण उन्हात होती.

१४.१०० वर केनिया आणि प्रिटोरिया शिखराच्या आधीच बुडाली आणि एकापाठोपाठच्या फेऱ्यांत १०० वॅटची रेघसुद्धा आली नाही. २८.२०० वर प्रिटोरिया मात्र टिकले. त्याच्या लहान रेघा गेल्या, मोठ्या राहिल्या. क्ष-किरणांमुळे आयनांबराचा सर्वात खालचा, सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा डी थर अचानक दाट होतो आणि लहरींची शक्ती खातो. ही खादाडी कंप्रता दुप्पट केली की साधारण चौथ्या हिश्श्यावर येते, म्हणूनच वरचा पट्टा वाचला. पूर्वेकडे, जिथे रात्र झाली होती, तिथल्या पर्थवर मला वाचता येईल असा फरक पडला नाही. डी थराचा हा खेळ उन्हातल्या बाजूपुरताच असतो.

मॉस्कोच्या नोंदीत गोंधळ होता. ज्वाला चढू लागली ती नेमकी त्या केंद्राच्या शांत मिनिटाच्या सुमारास आणि शिखर ठोक्यांच्या दहा मिनिटांत आले. सप्टेंबरमधला जुना प्रोग्रॅम असता तर घसरण कशाची हे सांगताच आले नसते. शिखर मोजण्याच्या नव्या पद्धतीत ती स्पष्ट दिसली, पण आफ्रिकेच्या तुलनेत सौम्य होती, कारण त्या मार्गाच्या मध्यावर सूर्य बराच खाली गेला होता. सहा-सव्वासहापर्यंत आफ्रिकेची बीकने मोठ्या रेघांनिशी परत आली.

दुसरा डोंगल २८ वर असल्यामुळे १० मेगाहर्ट्झवरची मॉस्को आणि चीनची केंद्रे आज नोंदवलीच गेली नाहीत. तिथे सर्वात खोल खड्डा दिसला असता. तिसरा डोंगल मागवला आहे.

९ ऑक्टोबर

सकाळी ७ वाजून २६ मिनिटांनी एक्स १.८ ची ज्वाला. या वेळी ऊन पॅसिफिकवर होते, त्यामुळे चीनच्या १५ मेगाहर्ट्झवर छोटीशी घसरण, पश्चिमेकडे काही नाही. ज्वालेसोबत सूर्याने द्रव्याचा मोठा लोट पृथ्वीच्या दिशेने फेकल्याचे अंतराळ-हवामानाच्या सूचनांत आले आहे. प्रकाश आठ मिनिटांत पोहोचतो, हा लोट एक-दोन दिवस घेतो. बॅटरी पूर्ण भरून ठेवली, घड्याळ तपासले आणि नोंदींची जागा मोकळी केली.

११ ऑक्टोबर

लोट काल रात्री पावणेनऊच्या सुमारास येऊन आदळला, म्हणजे ज्वालेनंतर सुमारे दीड दिवसाने. त्यातून उठलेले चुंबकीय वादळ जी४ दर्जापर्यंत, म्हणजे पाचपैकी चौथ्या पायरीपर्यंत, चढले. लडाखमधील हानले येथे आकाश लाल दिसल्याच्या बातम्या आज आल्या आहेत.

आमच्या तक्त्यातला सर्वात ठळक परिणाम आज सकाळचा. कॅलिफोर्नियाचे बीकन गेले काही दिवस सूर्योदयाच्या सुमारास १४.१०० वर बारीकसे येत होते. त्याची वाट जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जाते. आज ते पूर्ण गायब आहे. फिनलंड आले ते उशिरा आणि फक्त १०० वॅटच्या रेघेने. मॉस्कोची रेघ वादळाच्या रात्री प्रथमच पसरलेली दिसली, त्यामुळे २९ सप्टेंबरची कसोटी, म्हणजे उत्तर स्वच्छ आणि दक्षिण घोगरी असेल तर दोष यंत्रात नाही, ही शांत दिवसांपुरतीच धरावी. दक्षिणेकडचे प्रिटोरिया आज दुपारी २८ वर नेहमीपेक्षा कमजोर होते, पण बंद नव्हते. आज संध्याकाळी पर्थचा घोगरेपणा मात्र जवळजवळ नव्हता. वादळानंतरच्या दिवशी विषुववृत्तावरचा थर नेहमीसारखा उचलला जात नाही आणि मग बुडबुडेही उठत नाहीत, असे घडते हे ठाऊक आहे. एका संध्याकाळच्या नोंदीवरून मी तसा निष्कर्ष काढणार नाही, तरी नोंद जपून ठेवली आहे.

दोन ओळी व्यवहाराच्या. वादळाच्या रात्री सगळेच केंद्र एकदम मंदावल्यासारखे वाटले तेव्हा वर जाऊन पाहिले, तर परतीच्या पावसाच्या वाऱ्याने बांबू कलून एक तार टाकीवर टेकली होती. म्हणून पावणेअकरा ते सव्वाअकरा या अर्ध्या तासाच्या नोंदी रद्द केल्या. इतक्या महागड्या वेळी बांबू कलावा याचे दुःख आहे, आता त्याला तिसरी ताणाची दोरी बांधली आहे.

२० ऑक्टोबर

अमेरिकेच्या नासा आणि नोआ या संस्थांनी सूर्य कमाल काळात पोहोचल्याचे १५ तारखेला जाहीर केले. आमच्या २८ मेगाहर्ट्झच्या रकान्यावरून ते आश्चर्याचे वाटले नाही. कॅलिफोर्निया सकाळच्या वेळी परत आले आहे. तिसरा डोंगल १० मेगाहर्ट्झवर सुरू झाला. तिथे दिवस आणि रात्र पूर्ण उलट आहेत : दुपारी मॉस्को जवळजवळ नसते आणि अंधार पडताच डी थर विरला की उसळून वर येते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला डी थर समजून घ्यायचा असेल तर त्याने ज्वालेची वाट पाहू नये, १० मेगाहर्ट्झवरचा एक सूर्यास्त नोंदवावा.

३ नोव्हेंबर

दिवाळीत पट्टा आठवडाभर निरुपयोगी होता, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे. त्या दिवसांत डोंगल आणि लॅपटॉप घेऊन वीज नसलेल्या एका शेतात तार टाकली. तिथे १४ मेगाहर्ट्झवरची खरखर गच्चीच्या मानाने इतकी कमी होती की कोलंबो, पर्थ आणि तेल अवीव यांच्या ०.१ वॅटच्या रेघा एकाच दुपारी मिळाल्या.

पर्थचा संध्याकाळचा घोगरेपणा आता ओसरत चालला आहे आणि २८ मेगाहर्ट्झ आठच्या आत मिटू लागला आहे. घोगरेपणा मार्चमध्ये परत येईल अशी अपेक्षा आहे. तोपर्यंत करायची कामे अशी : तिन्ही डोंगलांना एकच बाहेरची स्थिर कंप्रता देणे, म्हणजे सूर्योदयाला थर खाली येताना मॉस्कोची कंप्रता किंचित वाढते ती मोजता येईल, जी आज स्फटिकाच्या डळमळीत बुडून जाते, बांबूच्या जागी जीआयचा पाइप, आणि शेतात सौर पॅनेलवर चालणारे दुसरे ठाणे. पॅनेलचा चार्ज कंट्रोलर स्वतःच गोंगाट करतो असे एका चाचणीत दिसले आहे, तेव्हा दिवसा चार्जिंग आणि ऐकणे एकत्र कसे जमवायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.